हप्ते फिटलेली गाडी : ठेवावी की बदलावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सेक्टर १०, भिलाई येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत, नाट्य अशा विषयांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आम्ही आज निवडलेला विषय मात्र आपणां सर्वांच्या फाटकाशी उभा आहे. कर्जाचे हप्ते केव्हाच फिटले आहेत, गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली आहे, अजून ती चालते. अशी गाडी ठेवावी, की काढून नवी घ्यावी? घर सोडले तर मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हातून एका वेळी होणारा एवढा मोठा खर्च दुसरा क्वचितच असतो. आणि तरीही हा निर्णय बहुधा एखाद्या सणाच्या जाहिरातीवर, शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर किंवा पुण्या-बंगळूरहून आलेल्या मुलाच्या फोनवर घेतला जातो. म्हणून त्याचा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटले.

प्रथम आपल्या सवयीचा उगम पाहू. आपल्या पिढीतील ज्येष्ठांनी वाहनांचा दुष्काळ पाहिलेला आहे. आकुर्डीची चेतक १९७२ मध्ये आली. तिच्यासाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. मोटार म्हणजे उत्तरपाड्याची अँबॅसडर, नाहीतर कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि हे चित्र पालटू लागले. त्या काळी वाहन मिळणेच दुर्लभ असल्यामुळे ते जिवापाड जपणे हेच शहाणपण होते. आता अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, आणि मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची अखेरची खेप २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची वयोमर्यादा गाठून रस्त्यावरून गेली. आज कर्ज घेऊन बँक दाराशी येते. दुष्काळात लागलेली जपण्याची सवय आणि सुकाळात लागलेली बदलण्याची सवय, या दोन्ही सवयीच आहेत. निर्णय सवयीने न घेता हिशेबाने घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल घेत आहोत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. समजा, नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख रुपयांना पडली. २ लाख आपले, ६ लाख कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत ५ वर्षे. हप्ता येतो सुमारे १२,४५० रुपये, आणि पाच वर्षांत निव्वळ व्याजापोटी जवळजवळ १ लाख ४७ हजार जातात. आठ वर्षांनी ती गाडी अडीच लाखांस विकली गेली, असे उदार मनाने धरू. म्हणजे साडेपाच लाखांची घट आणि दीड लाखाच्या आसपास व्याज मिळून सुमारे ७ लाख रुपये आठ वर्षांत गेले. वर्षाला ८७ हजार. आपण घातलेल्या दोन लाखांवरील ठेवीचे व्याज आणि नव्या गाडीचा वाढीव विमा यांत मिळविला, की हा आकडा सहज लाखाच्या पुढे जातो. ही घट किती वेगाने होते हे विम्याच्या कोष्टकातच दिसते : विमा कंपनी गाडीची किंमत ठरविताना दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३० टक्के आणि पाचव्यात ५० टक्के घसारा धरते.

याच्यासमोर जुन्या गाडीचा खर्च मांडा. दुरुस्ती वर्षाला ४० हजार आली तर आपण कपाळाला हात लावतो. पण लाखाच्या मानाने ती निम्मीही नाही. "पण पेट्रोल किती पिते!" असे म्हटले जाते. तेही मोजू. जुनी गाडी लिटरला १४ किलोमीटर देते, नवी २० देते, आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. वर्षाला ५,००० किलोमीटर चालणाऱ्याची बचत होते जेमतेम पावणेअकरा हजार रुपये. तीच धाव २०,००० किलोमीटर असेल तर बचत ४३ हजारांच्या घरात जाते. म्हणजे पहिला प्रश्न गाडीच्या वयाचा नसून आपल्या धावेचा आहे. सेक्टर १० मध्ये राहणाऱ्याचा बाजार, सिव्हिक सेंटर, सेक्टर ९ चे रुग्णालय, सारे हाकेच्या अंतरावर. या रुंद, सावलीच्या रस्त्यांवर रोज पाच-सात किलोमीटर फिरणाऱ्याने पेट्रोल वाचविण्यासाठी आठ लाख घालणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

हिशेबात एक चूक मात्र सर्रास होते, आणि ती जुनी गाडी ठेवणारे करतात. "गेल्याच महिन्यात तीस हजार घातले, आता कशी विकायची?" असे ते म्हणतात. ते तीस हजार गंगेला मिळाले. गाडी ठेवली तरी परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. विचार करावयाचा तो येत्या वर्षात काय घालावे लागेल याचा. इंजिन, गिअर आणि खालचा सांगाडा धड असेल, तर क्लच, बॅटरी, सस्पेन्शन हे खर्च येणारच आणि ते परवडतात. पण सांगाडाच गंजला असेल तर पुढचा प्रत्येक रुपया वाळूत ओतलेले पाणी आहे.

गंजाविषयी या गावाला कोणी शिकवावे असे नाही. किंबहुना जुने केव्हा ठेवावे आणि नवे केव्हा उभारावे, याचा वस्तुपाठ आपल्या भिंतीपलीकडेच आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. भट्टीच्या आतील विटांचे अस्तर झिजते. म्हणून कोणी भट्टी मोडीत काढीत नाही. ठरलेल्या वेळी ती थंड करून अस्तर बदलतात. त्यालाच आपण कॅपिटल रिपेअर म्हणतो. ही दुरुस्ती भट्टी फुटण्याची वाट न पाहता, आधी तारीख ठरवून, सामान मागवून, खर्च मंजूर करून होते. आणि जेव्हा गरजच मोठी झाली, तेव्हा ४,०६० घनमीटरची आठवी भट्टी, महामाया, २०१८ मध्ये नव्याने उभी राहिली. यातून दोन धडे मिळतात : झीज म्हणजे मृत्यू नव्हे, आणि निर्णय बिघाडाच्या दिवशी घ्यावयाचा नसतो. भर रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसमोर उभे राहून नवी गाडी ठरविणारा माणूस कधीही चांगला सौदा करीत नाही.

कायद्याविषयीही बरेच गैरसमज आहेत. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते, असे अनेकजण दिल्लीच्या बातम्या वाचून मानतात. दिल्लीचे निर्बंध तेथील हवेमुळे, हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांतून आले. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि तपासणीत गाडी योग्य ठरल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. मात्र शुल्क वाढले आहे : एप्रिल २०२२ पासून मोटारीला ६०० ऐवजी ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरील मोटारीला १०,००० रुपये. आणखी एक गोष्ट. हप्ते फिटले म्हणजे गाडी कागदोपत्री आपली झाली असे नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन नोंदणीपुस्तकावरील बँकेचे नाव काढून घ्यावे लागते. हे राहून गेले, की विकताना तारांबळ उडते. मोडीतच काढावयाची असेल, तर अधिकृत केंद्रातच द्यावी, तेथील प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. त्या प्रमाणपत्रावर नव्या खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे.

पैशांचा हिशेब जुन्या गाडीच्या बाजूने झुकतो, असे आतापर्यंत दिसले. पण एक पारडे असे आहे, ज्यात रुपये घालता येत नाहीत. ते सुरक्षिततेचे. ब्रेक दाबला असता चाके अडकून घसरू न देणारी एबीएस यंत्रणा आणि चालकाची एअरबॅग नव्या मोटारींत २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक लहान गाड्यांत यांतले काहीच नाही. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी नागपुरात दोन गोष्टींचा आरंभ झाला : नागपूर-बिलासपूर वंदे भारत गाडी आणि समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा तो मार्ग मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला. तेव्हापासून आपल्यातील अनेकांना वाटू लागले आहे, की राजनांदगाव, साकोली, भंडारा करीत नागपूर गाठावे आणि तेथून थेट नाशिक, पुणे. त्या महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. गावात पाच वर्षे सावकाश फिरलेले टायर वरून कोरे दिसतात, पण रबर आतून कडक झालेले असते. टायरच्या कडेवर चार अंक असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ते आज घरी गेल्यावर अवश्य पाहावे. तसेच पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी घडविलेल्या नाहीत, त्या तपासून बदलून घ्याव्यात. आमचे मत स्पष्ट आहे : जुनी गाडी गावापुरती ठेवावी आणि लांबचा प्रवास आगगाडीने करावा. आपण हावडा-मुंबई मार्गावर राहतो, हे आपले भाग्य आहे. ज्यांना वारंवार नातवंडांना घेऊन रात्री-अपरात्री महामार्गावर जावेच लागते, त्यांनी मात्र वरचा सारा हिशेब बाजूला ठेवून नवी गाडी घ्यावी. माणसाच्या जिवाला घसारा लावता येत नाही.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत अवघड प्रश्न. निवृत्तीनंतर आपण राहणार कोठे? नागपूर, अमरावती, पुणे, की येथेच? आपल्या गाड्यांवर सीजी ०७ ही अक्षरे आहेत. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी दुर्गच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. येथील उरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. चौदा वर्षांच्या गाडीसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा ती येथेच, तिला ओळखणाऱ्या मेकॅनिकच्या गिऱ्हाइकाला विकून जावे. उलट, जे अजून नोकरीत आहेत आणि ज्यांना नवी गाडी घेणे भागच आहे, त्यांच्यासाठी २०२१ पासून बीएच मालिकेचा क्रमांक आहे. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी त्यास पात्र आहेत. कर पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही.

पण हे झाले नियम. खरी अडचण अशी, की 'कोठे राहणार' हा प्रश्न आपण घरात उच्चारीतच नाही. नवऱ्याच्या मनात गावाकडचे घर असते, बायकोच्या मनात येथील तीस वर्षांचा शेजार असतो आणि मुले तिसऱ्याच शहरात असतात. मग जुनी गाडी विकत नाही, कारण विकली म्हणजे येथून निघण्याची तयारी झाली असे वाटते. आणि नवी घेत नाही, कारण घेतली म्हणजे येथेच राहायचे ठरले असे होते. किंवा याच्या उलट : निवृत्तीचे पैसे हाती येताच, काहीतरी ठरविल्याचे समाधान म्हणून घाईने नवी गाडी घेतली जाते आणि वर्षभरात ती नागपूरच्या सदनिकेच्या तळमजल्यावर धूळ खात पडते. गाडीचा निर्णय लांबतो किंवा चुकतो तो पुष्कळदा गाडीमुळे नव्हेच.

म्हणून आमची विनंती अशी, की क्रम उलटा करावा. एखाद्या रविवारी नवरा-बायकोने मिळून बसावे. आधी पुढील पाच वर्षे कोठे काढायची ते मोकळेपणाने बोलावे. मग वर्षाची धाव लिहावी, गाडी कोण आणि कोठे चालविणार ते लिहावे, विश्वासू मेकॅनिककडून सांगाडा तपासून घ्यावा. आणि एका कागदावर आधीच लिहून ठेवावे : वर्षाचा खर्च इतक्या रुपयांपुढे गेला, सांगाडा गंजला किंवा डोळे-हात साथ देईनासे झाले, की ही गाडी जाईल. तो कागद नोंदणीपुस्तकाबरोबर ठेवावा. त्या मर्यादेच्या आत जुनी गाडी अभिमानाने चालवावी. फिटलेल्या हप्त्यांची रक्कम दरमहा ठेवीत टाकावी. नवी गाडी घेण्याची वेळ आलीच, तर ती कर्जाविना दारात येईल.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्यापैकी अनेकांचे आईवडील एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन दुर्ग स्टेशनात उतरले. कोठे राहायचे हे त्यांनी आधी ठरविले. वाहने नंतर आली. आपणही तोच क्रम पाळावा.