राजीनामा लिहून देण्याआधी

आंबवडे आणि आसपासच्या गावांतल्या ज्या जणी खासगी संस्थेच्या मान्यताप्राप्त शाळेत नोकरी करतात, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. मग तुम्ही वर्गावरच्या बाई असा, क्लार्क असा, नाहीतर घंटा देणाऱ्या मावशी.

एखादीला काढायचं ठरलं की पुष्कळदा चौकशीची नोटीस येतच नाही. निरोप येतो, "ऑफिसात या, राजीनामा लिहून द्या. उगाच बदनामी कशाला?" घरचेही म्हणतात, दे सोडून. कुठे कुठे तर नोकरी लागतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवतात.

आपल्या राज्यात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे आणि १९८१ ची नियमावली आहे. राजीनामा कसा द्यायचा तेसुद्धा त्यात लिहिलंय. दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवायची, दुसरी आपल्याजवळ ठेवायची. म्हणजे राजीनामा आपण होऊन, विचार करून दिलेला असावा. टेबलापलीकडून कुणीतरी मजकूर सांगतंय आणि आपण रडत लिहितोय, तो राजीनामा नव्हे.

बरं, आरोप असेल तर? कायम कर्मचाऱ्याला आधी तो लेखी कळवावा लागतो आणि खुलाशाला सात दिवस मिळतात. खुलासा पटला नाही तर तिघांची चौकशी समिती नेमतात. एक माणूस संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला, आणि एक तुम्ही सुचवलेला. हा तिसरा कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी चालतो. पाहुण्यातला नको, कागद वाचणारा आणि समितीत तोंड उघडणारा बघा. समितीपुढे साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात, आपले साक्षीदार आणता येतात.

कुणी म्हणेल, जिनं खरोखर पैसे खाल्ले तिचे एवढे लाड कशाला? संस्थाचालक भगिनींनो, हे तुमच्याही कामाचं आहे. चौकशी टाळून काढलं, तर खरी दोषी असलेली बाईसुद्धा मागच्या पगारासकट परत येऊ शकते. तो पैसा संस्थेलाच भरावा लागतो.

प्रोबेशनवर असाल तर संरक्षण कमी आहे, हे खरं. काम समाधानकारक नाही म्हणून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन थांबवता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेला आणि अंगणवाडीला मात्र हा कायदा लागत नाही, त्यांचे नियम वेगळे.

कोऱ्या कागदावर सही आधीच गेली असेल, तर आजच संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र टाका. सही कधी घेतली, कुणी घेतली, आणि मी राजीनामा दिलेला नाही, एवढं लिहिलं तरी पुरे. पोस्टाची पावती रेशनकार्डाबरोबर ठेवा.

आणि कामावरून काढल्याचा हुकूम हातात पडला, तर त्या दिवसापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचं. उशिराला सबळ कारण असेल तर ते ऐकून घेतात, पण त्या भरवशावर राहू नका. "अध्यक्षांशी बोलून बघू" म्हणता म्हणता महिना जातो. बोलणी चालू राहू देत, पण अपिलाचे कागद घेऊन वकिलाकडे जाणारी एसटी पहिल्याच आठवड्यात पकडा.