केसांच्या बटेचे महाभारत

भर सभेत द्रौपदीचे केस ओढले गेले आणि अठरा अक्षौहिणी सैन्याचा संहार झाला. भट्टनारायणाने त्यावर ‘वेणीसंहार’ रचले. मोरोपंतांनी तो प्रसंग आर्यांत गाइला. हा गंभीर वारसा ज्यांच्या कानी आहे, त्यांना अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीचा खोडकरपणा चटकन उमगेल.

इंग्लंडातील उच्चकुलीन कॅथलिक समाजात लॉर्ड पीटर नामक तरुणाने ॲराबेला फर्मोर या युवतीच्या केसांची एक बट कात्रीने कापली. तेवढ्यावरून दोन घराण्यांत वितुष्ट आले. जॉन कॅरिल या स्नेह्याने पोपला सुचविले की, काव्य रचून हा तंटा हसण्यावारी न्यावा. ‘द रेप ऑफ द लॉक’ १७१२ मध्ये दोन सर्गांत निघाले आणि १७१४ मध्ये पाच सर्गांचे झाले.

महाकाव्याचा सारा सरंजाम येथे आहे. मात्र वीराने कवच चढविण्याऐवजी नायिकेचा साजशृंगार. रणांगणाच्या जागी पत्त्यांचा डाव. शस्त्रांच्या जागी कात्री आणि तपकिरीची चिमूट! तिच्या प्रसाधनाच्या मेजावर पावडर, प्रेमपत्रे आणि बायबल एकाच पंगतीत बसली आहेत. कवी निषेधाचा शब्द काढीत नाही. थोर काय व क्षुल्लक काय हे त्या समाजाला कळेनासे झाले आहे, हे ती पंगतच सांगते.

असला उपहास करणारा स्वतः हसला की खेळ आटोपला. शिवाय ज्या थाटाची नक्कल करावयाची, त्यावर प्रेमही हवे. याच पोपने १७१५ पासून होमरच्या ‘इलियड’चे भाषांतर प्रसिद्ध केले.

मराठीत हे अस्त्र आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ मध्ये उपसले, पण रोखले ते मुख्यतः कवींवर. त्यांच्या ‘परीटास’ कवितेत विरहाची सारी आर्तता कपडे घेऊन गेलेल्या परटाच्या वाट्याला येते. ते हास्य निर्मळ आहे.

पोपच्या हास्याला मात्र काळी किनार आहे. १७१७ च्या आवृत्तीत त्याने क्लॅरिसा या पात्राच्या तोंडी एक भाषण घातले: देवी आणि वार्धक्य नाचरंगाने टळत नाहीत, रूप ओसरते, तेव्हा स्वभाव गोड ठेवावा. खरा लॉर्ड पीटर १७१३ मध्येच देवीने वारला होता. काव्यातील मंडळी ते भाषण ऐकून घेतात. टाळी कोणीच वाजवीत नाही, आणि बटेसाठी लढाई पुन्हा जुंपते.