मुकी अक्षरे



'घर' हा शब्द आपण लिहितो दोन अक्षरी, म्हणतो मात्र 'घर्', एका दमात. 'करतो' लिहिताना तीन अक्षरे. बोलताना 'कर्-तो', दोनच तुकडे. शेवटचा, मधला 'अ' आपण सहज गिळून टाकतो. फ्रेंच लोक तर याच्याही पुढे गेले आहेत.

'बोलणे' या अर्थाचे त्यांचे क्रियापद 'पार्ले'. (आपल्या मुंबईच्या पार्ल्याशी त्याचा संबंध नाही बरे!) मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात, चारही ठिकाणी उच्चार एकच, 'पार्ल्'. लिहिताना मात्र 'तू'च्या रूपाअखेर एस् हवा आणि 'ते'च्या रूपाअखेर ई, एन्, टी अशी तीन अक्षरे. त्यांतले एकही उच्चारायचे नाही! 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांच्या प्रत्ययांना तेवढा आवाज आहे: 'पार्-लों', 'पार्-ले'.

आता तिथल्या पोराची अडचण पाहा. गुरुजींनी शुद्धलेखनात सांगितले, 'एल् पार्ल्'. एक बाई बोलते, की पुष्कळ बायका बोलतात? कान काही सांगत नाही. मागचे वाक्य ज्याच्या ध्यानात असेल, तोच बरोबर लिहील.

क्रियापद स्वराने सुरू झाले की मात्र कोडे सुटते. 'तो प्रेम करतो' याचे तुकडे पडतात 'ई-लेम्'. सर्वनामातला ल् उठून पुढच्या तुकड्यात जाऊन बसतो. 'ते प्रेम करतात' हे होते 'ईल्-झेम्'. झ साधारण आपल्या 'झाड'मधला. अनेकवचनाचा जो एस् एरवी मुका, तो इथे जागा होतो.

'हाक मारणे' या क्रियापदाची आणखी मौज. 'आम्ही'चे रूप 'आ-प्लों'. मधला स्वर गिळलेला. 'मी'चे रूप 'आ-पेल्'. इथे तोच स्वर शेवटच्या तुकड्यात सापडला, त्याला गिळून चालत नाही. तो स्पष्ट 'ए' होतो, आणि ती खूण म्हणून एल् दोनदा लिहितात. म्हणजे लेखनातली ती विक्षिप्त जोडी उगीच नाही.

जुन्या फ्रेंच वृत्तबद्ध काव्यात 'ते बोलतात'चे ते 'पार्ल्' दोन तुकड्यांचे मोजतात. आपल्याला यात नवल नाही. भजनात टाळ धरला की 'घर'मधला र आपणही लांबवतोच की!

तेव्हा कोणी फ्रेंच शिकू लागला, तर त्याने सहा रूपांचा तक्ता घोकण्याआधी 'पार्ल्, पार्-लों, पार्-ले' हे तीन आवाज तोंडात बसवावेत. एस् आणि ई-एन्-टी मग पाटीवर.