जहाजांचा शिधा आणि त्यांचें खरकटें

जहाजांस समुद्रावर इंधन कसें पोंचतें आणि त्यांच्यावरील घाण कोण उचलतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. पिंपरी-चिंचवडकडील श्रोत्यांस तो प्रथमदर्शनीं परका वाटेल. मुंबईचा समुद्र आपणांपासून रस्त्यानें शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आणि मध्यें सह्याद्रीचा तट उभा. तथापि चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मोटारींपैकीं कितीएक घाट उतरून मुंबई बंदराकडे जातात व तेथून परदेशची वाट धरतात. सुटे भाग 1989 सालीं सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरांतून लोखंडी पेट्यांत बसून निघतात, आणि तिकडील मालही त्याच वाटेनें येतो. कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांचें घर चालतें, त्यांच्या संसाराचा एक धागा असा जहाजाला बांधलेला आहे. तेव्हां त्या जहाजाची विचारपूस करणें ही कांहीं नसती उठाठेव नव्हे.

प्रवासाला निघालेल्या माणसास शिदोरी लागते, तशी जहाजासही लागते. वाफेच्या युगांत ही शिदोरी म्हणजे कोळसा. 1839 सालीं इंग्रजांनीं एडन घेतलें, त्याचें एक मोठें कारण हेंच कीं, मुंबई व सुवेझ यांच्या वाटेवर आगबोटींस कोळसा घेण्याला हक्काचा थांबा हवा होता. त्या एडनचा कारभार 1932 पर्यंत मुंबई सरकारकडे होता, ही गोष्ट आज फारशा कोणास आठवत नाहीं. जहाजावरील कोळशाच्या कोठारास बंकर म्हणत. पुढें कोळसा गेला, तेल आलें; परंतु नांव राहिलें, आणि जहाजास इंधन देण्याच्या धंद्यास आजही बंकरिंग असेंच म्हणतात. या धंद्यांत सिंगापूर जगांत पहिलें असून तेथें वर्षास 5 कोटी टनांहून अधिक इंधन विकलें जातें.

मोठें जहाज केवळ तेलासाठीं धक्क्यास लागेलच असें नाहीं. धक्क्याचें भाडें जबर, आणि खोळंबाही फार. म्हणून पुष्कळदां तें बाहेर नांगर टाकून उभें राहतें, व तेलाचा बार्ज त्याच्या कुशीस येऊन लागतो. दोहोंच्या मध्यें रबरी गाद्या सोडतात व जाड नळी जोडतात. जहाजाच्या तक्त्यावरील पाणी वाहून जाण्याचीं सर्व भोंकें आरंभापूर्वींच बुचांनीं बंद करतात. हेतु हा कीं, तेल सांडलें तरी तें समुद्रांत न जातां तक्त्यावरच राहावें. दोन्हीकडील माणसें टाक्यांचीं मापें घेतात. मग तेल प्रथम हळू सोडून, सांधे पाहून, नंतर वेग वाढवितात. हें तेल बहुधा इतकें दाट असतें कीं, थंडींत थिजलेल्या खोबरेलाप्रमाणें तें तापविल्यावांचून वाहत नाहीं. भरणा चालू असतां थेंबथेंब घेतलेला नमुना शेवटीं बाटलींत भरून मोहोरबंद करतात. तेल संपेपर्यंत, आणि निदान 12 महिने, तो नमुना व 3 वर्षें पावती जपून ठेवावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

इतकी काटेकोर व्यवस्था असूनही मापांत लबाडी होतेच. दुधाच्या मापांत फेंस धरून गिऱ्हाइकास बनविण्याची युक्ति आपल्या परिचयाची आहे. तीच तेलाच्या बार्जावर होते. तेलांत हवा फुंकतात, तें फुगतें, टाकी भरल्यासारखी दिसते, आणि जहाज दूर गेल्यावर फेंस बसून तूट उघडकीस येते. यावर उपाय म्हणून सिंगापूरनें 2017 पासून आकारमानाऐवजीं वाहत्या तेलाचें वजन मोजणारीं यंत्रें सक्तीचीं केलीं.

शिधा घेतला म्हणजे खरकटें आलेंच. दाट तेल जाळण्यापूर्वीं यंत्रांत गरगरां फिरवून स्वच्छ करावें लागतें. त्यांतून शेंकडा एक-दोन भाग चिकट गाळ उरतो. यंत्रखान्याच्या तळाशीं पाणी व वंगण यांचें मिश्रण साचतें. शिवाय खलाशांचें सांडपाणी, मुदपाकखान्यांतील उष्टें, तुटके दोर, प्लॅस्टिक. पूर्वीं या बहुतेकांची वाट एकच असे: कठड्यावरून खालीं. 1967 च्या मार्चमध्यें टोरी कॅनियन हें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येस खडकावर फुटून लाखभर टन तेल समुद्रांत गेलें, तेव्हां राष्ट्रें जागीं झालीं. 1973 चा करार व त्यास 1978 सालीं दिलेली जोड यांस मिळून मारपोल म्हणतात. 1983 पासून तो अमलांत आहे. त्याप्रमाणें यंत्रखान्यांतील पाणी समुद्रांत सोडावयाचें, तर दहा लाख भागांत तेलाचे 15 भागांहून अधिक राहणार नाहींत इतकें तें गाळून, आणि जहाज चालू असतांनाच सोडावें लागतें. न दळलेलें उष्टें किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आंत टाकतां येत नाहीं, आणि प्लॅस्टिक तर कोठेंच टाकतां येत नाहीं. जें उरेल तें बंदरांत द्यावें, तें घेण्याची सोय बंदरांत असावी, आणि दिल्या-घेतल्याची नोंद वहींत व्हावी.

हे नियम कशासाठीं, हें आपल्या किनाऱ्यानें अनुभवलें आहे. 2010 च्या 7 ऑगस्टला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा व खलिजिया-3 हीं जहाजें एकमेकांवर आदळलीं. चित्रामधील सुमारें 800 टन तेल पाण्यांत गेलें, खारफुटीचीं मुळें काळीं पडलीं, आणि ऐन नारळी पौर्णिमेच्या तोंडावर कोळी बांधवांच्या मासळीस गिऱ्हाईक मिळेना. पुढल्याच वर्षीं 4 ऑगस्टला रॅक कॅरियर हें जहाज सुमारें 60,000 टन दगडी कोळशासह मुंबईजवळ बुडालें व त्याचें तेल किनाऱ्यास लागलें. या प्रकरणीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें 2016 सालीं 100 कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, दोन्ही प्रसंगीं सांडलेलें तेल हा जहाजावरील माल नव्हता. ती त्यांची स्वतःची शिदोरी होती.

अपघाताची निदान बातमी होते. चोरून टाकलेल्या घाणीची होत नाहीं. पावसाळ्याच्या सुमारास मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या वाळूंत डांबराचे काळे गोळे येऊन पडतात. त्यांवर कोणाचें नांव नसतें. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ रसायनांवरून त्यांचें मूळ हुडकतात, पण तोंवर जहाज कोठच्या कोठें गेलेलें असतें.

समुद्रावर पोलिसाचा डोळा किती पुरणार? 2013 सालीं कॅरिबियन प्रिन्सेस या प्रवासी जहाजावर नव्यानें रुजू झालेल्या एका अभियंत्यास, गाळणीचें यंत्र चुकवून घाण पाणी थेट समुद्रांत सोडणारी नळी आढळली. त्यानें सरकारी अधिकाऱ्यांस कळविलें व नोकरीवर पाणी सोडलें. पुढें 2016 सालीं त्या कंपनीनें अमेरिकेंत गुन्हा कबूल करून 4 कोटी डॉलर दंड देण्याचें मान्य केलें. ज्या लबाडीचा सुगावा वहीवरून लागला नाहीं, तो एका माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीमुळें लागला.

परंतु प्रत्येक जहाजावर असा माणूस असेलच, या भरंवशावर समुद्र सोंपवितां येत नाहीं. जो कप्तान गाळ आणून देतो त्याच्याकडून पैसे घ्यावयाचे, आणि जो रात्रीं समुद्रांत ओततो त्याचे पैसे वांचावयाचे, ही रीतच उफराटी आहे. बाल्टिक समुद्रावरील राष्ट्रांनीं यावर सरळ तोड काढली. कचरा द्या वा न द्या, त्याचा आकार बंदराच्या शुल्कांत सर्वांकडून सारखाच घ्यावयाचा. मग ओतून टाकण्यांत कोणाचा फायदा उरत नाहीं. प्रामाणिकपणा महाग पडूं नये, एवढें तरी कायद्यानें पाहावें.

आतां घराकडे वळूं. नकाशावर पवनेचें पाणी कोणत्या समुद्रास मिळतें असें वर्गांत विचारलें, कीं मुलें हटकून जवळचा अरबी समुद्र सांगत. वस्तुतः पवना मुळेस मिळते, मुळा-मुठा भीमेस. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापुरास भीमेंत जाते. आणि भीमा पंढरपुरावरून कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. म्हणजे आपलें सांडपाणी जवळचा समुद्र सोडून अर्धा देश ओलांडतें, आणि वाटेंत वारकऱ्यांच्या स्नानाच्या घाटांवरून जातें. आळंदीस इंद्रायणीवर अलीकडील वर्षांत वारंवार आलेला पांढरा फेंस आपण पाहिलाच आहे.

कारखान्यांतील जुनें वंगण परवानाधारकासच द्यावें व त्याच्या रवानगीचा कागद ठेवावा, असें 2016 च्या नियमांत आहे. जहाजाच्या वहीचेंच तें धाकटें भावंड समजा. पण वही लिहिणारा आणि नळी जोडणारा एकच माणूस असतो, हें विसरतां येत नाहीं. आणि आपण घरंदाज मंडळी तरी वेगळीं कोठें आहोंत? मोटारीच्या पोटांतून दर खेपेस तीन-चार लिटर काळें तेल निघतें. गल्लीच्या कोपऱ्यावरील गटारांत तें गेलें, तर त्याची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं; पंढरपुरास मात्र तें पोंचतें.

तेव्हां पुढल्या खेपेस मोटारीचें वंगण बदलून घ्याल, त्या वेळीं ‘जुनें तेल कोठें जातें?’ एवढा एकच प्रश्न विचारा, आणि नीट उत्तर मिळेपर्यंत तेथून हलूं नका.