अनामत आणि ओळख

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शुभारंभाला सोसायटीच्या आवारात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून दिलं आहे.)



मला 'सोसायटीच्या आठवणी' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. पाण्याच्या टँकरच्या रांगा, लिफ्टचं पहिलं बिल, २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या मंडळींना वरच्या घरांनी कसं सामावून घेतलं, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगून झालंय. मी जी आठवण सांगणार आहे ती इतिवृत्तात आहे, पण कोणी काढत नाही.

२००८ च्या मे महिन्यातल्या समिती सभेचं इतिवृत्त उघडून बघा. विषय क्रमांक चार, 'मागील भिंतीलगतच्या झोपड्यांबाबत.' तक्रार अर्ज द्यावा, असा ठराव एकमताने मंजूर. अर्जाखाली मानद सचिव म्हणून सही माझी.

झोपड्या म्हणजे तीन. बांबू आणि निळं प्लास्टिक. माणसं मराठवाड्यातली, नाक्यावर उभं राहून मिळेल ते काम करणारी. त्यातल्या एकीकडे आपल्याच दोन घरांची धुणीभांडी होती, हे आपण ठराव करताना कोणी बोललो नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी आली आणि अर्ध्या तासात भिंत मोकळी झाली. संध्याकाळी वॉचमनने मला खाली बोलावलं. गेटवर दहा-अकरा वर्षांची मुलगी उभी होती. म्हणाली, "काका, माझं दप्तर कुठं मिळंल?" सहावीत गेली होती, शाळा आठवड्यावर आली होती. मी तिला कार्यालयाचा पत्ता सांगितला. बस नंबरसुद्धा सांगितला. वर म्हणालो, जप्तीची पावती असेल तर देतील. जिला स्वतःचा पत्ता नव्हता तिला मी कार्यालयाचा पत्ता देऊन जिना चढलो. त्यानंतर ती मुलगी मला दिसली नाही.

मला हे जास्त टोचलं, कारण मी बँकेतला माणूस. छत्तीस वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. ऐंशीच्या दशकात मी भायखळ्याकडच्या एका शाखेत होतो. त्या वेळी बचत खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळख लागायची आणि पत्ता लागायचा. फुटपाथवर राहणाऱ्या बायका फॉर्म घेऊन काउंटरवर यायच्या. पत्ता विचारला की अमक्या दुकानासमोर म्हणून सांगायच्या. आम्ही फॉर्म परत करायचो. नियमच होता, आणि नियमाप्रमाणे वागल्याचं समाधानही होतं.

त्या बायकांनी पुढे काय केलं ते आपण मुंबईकरांनी माहीत करून घ्यायला हवं. १९८१ साली शासनाने फुटपाथवरच्या लोकांना हटवायचं जाहीर केलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑल्गा टेलिस या पत्रकार बाईंच्या नावाने तो खटला ओळखला जातो. जुलै १९८५ मध्ये निकाल लागला. घटनापीठाचे प्रमुख होते आपले यशवंतराव चंद्रचूड, निवृत्तीच्या अगदी तोंडावर. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. पण फुटपाथ रिकामा करण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला, फक्त पावसाळा जाऊ द्या म्हणाले. म्हणजे तत्त्व मिळालं, जागा गेली.

तेव्हा स्पार्क नावाच्या संस्थेने भायखळा भागातल्या सुमारे सहा हजार फुटपाथवासी कुटुंबांची मोजणी केली. हमाल, हातगाडीवाले, घरकामवाल्या अशी कष्टाची माणसं निघाली, आणि बहुतेक सगळी कामावर चालत जाणारी. घर लांब गेलं की काम सुटणार, एवढं साधं गणित. त्यातल्याच बायकांची 'महिला मिलन' उभी राहिली, आणि जोकिन अर्पुथम यांचं झोपडपट्टीवासीयांचं राष्ट्रीय संघटन त्यांच्या जोडीला आलं. जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रात वाचलं असेल तुम्ही.

या बायका रोज बचत करायच्या. कोणी रुपया, कोणी दोन. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, मग पासबुक कसलं? त्यांनी रंगीत कागदाचे तुकडे केले. प्रत्येक रकमेचा रंग वेगळा, आणि प्रत्येकीच्या नावाची एक प्लास्टिकची पिशवी. पिशवी उघडली की शिल्लक कळली! आमच्याकडे तेव्हा जाडजूड लेजर असायची आणि तरी महिनाअखेरीला ताळा जमेना. पुढे त्यांनी घराचा आराखडासुद्धा स्वतः केला. साड्या आणि कापड ताणून खऱ्या मापाची घरं उभी केली, आत फिरून बघितलं, चूल कुठे, पोरं झोपणार कुठे, आणि मापं ठरवली. आपल्या फ्लॅटचा नकाशा आपल्यापैकी किती जणांनी सही करण्याआधी वाचला होता? हात वर करू नका, मीही वाचला नव्हता.

१९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीयांनाही पात्र धरलं गेलं, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. तरी मानखुर्दला मिलन नगरात भायखळ्याच्या कुटुंबांची पक्की घरं व्हायला पहिल्या बचतीपासून जवळजवळ वीस वर्षं लागली. तिथेही सहकारी गृहनिर्माण संस्था असते, आपल्यासारखीच सर्वसाधारण सभा, आणि मेंटेनन्सवरून भांडणं. जमीन सरकारची, मोजणी संस्थेची, पैसा थोडा बायकांचा, थोडा इतरांचा. एकट्याने कोणालाच ते जमलं नसतं.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. अध्यक्ष घड्याळ बघतायत, मला दिसतंय.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे पावणेअठरा लाख माणसं बेघर मोजली गेली. तो आकडा घेऊन आपण काय करणार? मी मात्र २०१९ मध्ये एका कुटुंबाचा हिशेब केला. आपल्या सोसायटीत झाडलोट करायला येणारी बाई दोन मुलांना घेऊन पुलाखाली राहते, हे आपल्या महिला मंडळाला कळलं. धाकटा दिवसभर शाळेत पेंगतो म्हणून शाळेच्या बाईंनी चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. नवरा-बायको मिळून महिना चौदा हजार कमवायचे. गोवंडीत खोलीचं भाडं साडेचार हजार, म्हणजे भाडं परवडत होतं. अडत होतं ते दोन ठिकाणी. खोलीमालकाला तीस हजार अनामत हवी होती, आणि 'तुम्हाला ओळखतं कोण?' या प्रश्नाला उत्तर हवं होतं.

अनामत आणि ओळख. मंडळी, एवढ्यासाठी मुलं पुलाखाली झोपत होती.

आम्ही चौघा-पाचजणांनी तीस हजार जमवले. दान म्हणून नव्हे, बिनव्याजी उसने. बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची कार्यकर्ती आठवड्याला भेट देईल असं ठरलं. शाळेच्या बाईंनी मुलांच्या हजेरीवर लक्ष ठेवलं. मी खोलीमालकाला पत्र दिलं की या बाईंना मी ओळखतो, काही अडचण आली तर मला फोन करा. रीतसर लिव्ह अँड लायसन्स करार केला. बँकेत 'लहान खातं' उघडलं. आता कागदपत्रं नसली तरी फोटो आणि अधिकाऱ्यासमोरची सही यावर ते उघडतं, फक्त शिल्लक पन्नास हजारांच्या वर जाऊ द्यायची नाही. त्या शाखेतल्या तरुण पोरीला हा नियम मलाच दाखवावा लागला, पण दाखवल्यावर तिने लगेच उघडलं. चाळीस वर्षांपूर्वी मी जे फॉर्म परत केले, त्यातला एक तरी त्या दिवशी घेतला गेला, असं मला वाटलं.

महिन्याला दीड हजार परतफेड ठरली होती. लॉकडाऊनमध्ये चार महिने थांबली. आम्ही काही बोललो नाही. जुलैपासून तिने आपणहून परत सुरू केली आणि पूर्ण फेडले. तेच पैसे दुसऱ्या कुटुंबाला, मग तिसऱ्याला दिले. आजवर पाच कुटुंबं झाली. सगळं गोड झालं असं सांगत नाही. तिसरं कुटुंब पाच महिन्यांत न सांगता गावी निघून गेलं, दोन महिन्यांचं भाडं थकवून. नऊ हजार बुडाले. बँकेच्या भाषेत बुडीत कर्ज, आणि आमच्या बँकेत मी याहून कितीतरी मोठी, चांगला पत्ता असलेल्या लोकांची बुडालेली बघितली आहेत. बाकी चार कुटुंबं घरात आहेत. मुलं शाळेत आहेत. पहिल्या बाईंचा धाकटा यंदा आठवीत गेला.

हे सगळं आजवर खासगीत चाललं. माझं वय झालं, अजून किती वर्षं ओळखपत्रं लिहीन? म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एक मागणं आहे. सोसायटीच्या निधीला हात लावायचा नाही. लेखापरीक्षक शेरा मारतील, आणि मारायलाच हवा. आपली घरं चौऱ्याऐंशी. ज्यांना जमेल त्यांनी स्वतःच्या खिशातून हजार रुपये द्यावेत. सगळ्यांनी दिले तर एका वेळी जवळजवळ तीन घरांची अनामत होते, आणि ती फिरत राहते. हिशेब दर सहा महिन्यांनी सूचना फलकावर लागेल, बुडालेल्या रकमेसकट. पैशांपेक्षाही मला ओळख देणारी माणसं हवी आहेत. खोलीमालकाचा फोन आला तर उचलणारी.

आणखी एक. २००८ च्या त्या ठरावाच्या पानावर, मार्जिनमध्ये, मी आज माझी तारीख घालून एक टीप लिहिली आहे. सेक्रेटरींनी परवानगी दिली. काय लिहिलंय ते दफ्तर तपासायचा हक्क सभासद म्हणून तुम्हाला आहे, जाऊन वाचा.

वर्गणीची वही वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे. पेन दोरीने बांधलंय. बँकेची सवय.