विमान तिरकं का उतरतं?

आम्ही देवनारच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमच्या गच्चीवरून उत्तरेला बघितलं की घाटकोपरवरून पश्चिमेला विमानतळाकडे उतरणारी विमानं दिसतात. वारा पडलेला असला की ती सरळ जातात. पावसाळ्यात मात्र त्यांचं नाक आमच्याकडे वळलेलं असतं आणि विमान तसंच तिरकं पुढे जातं. नवी बाई घाबरून म्हणतेच, "अगं बाई, हे आपल्यावरच येतंय!"

ते येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे उतरणाऱ्या विमानाच्या डाव्या अंगाला. नाक सरळ ठेवलं तर वारा विमानाला धावपट्टीवरून बाजूला ढकलेल. खाडीत होडी घालणारा काय करतो? समोरच्या धक्क्याला जायचं असलं तरी होडीचं तोंड ओढीच्या विरुद्ध धरतो. पायलटही तेच करतो.

पण चाकं टेकताना तिरकं राहून चालत नाही, टायरवर आडवा ताण येतो. म्हणून अगदी शेवटच्या क्षणी पायलट पायाने शेपटीचं सुकाणू दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो. त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरतो, नाहीतर वारा तो उचलेल. फार खाली नेऊनही चालत नाही, कारण पंखाखाली इंजिन लटकलेलं असतं. ओल्या धावपट्टीवर विमान मुद्दाम जरा जोरात टेकवतात, म्हणजे चाकाखालचं पाणी फाटून पकड बसते. तो दणका बसला की आपण म्हणतो, काय आपटलं मेल्याने!

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. दुसरी नैर्ऋत्येच्या वाऱ्याला जवळजवळ आडवी पडते, त्यामुळे पावसाळ्यात पहिलीच बरी. वाऱ्यालाही मर्यादा असते. एअरबस ए320 विमान चाचणीत ताशी सुमारे 70 किलोमीटरच्या आडव्या झोतापर्यंत उतरवून दाखवलं आहे. ओल्या जमिनीवर मर्यादा त्याहून कमी धरतात.

आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा तीन वर्षांनी दुबईहून येत होता. रात्री जोराचा पाऊस. विमान खाली आलं आणि टेकायच्या आधीच गर्जत वर गेलं, ते थेट अहमदाबादला. ताई इथे रडून बेजार, आणि आम्ही सगळ्या पायलटला शिव्या देत बसलो, शिकाऊ असेल म्हणून. विमानतळावर कामाला जाणाऱ्या शेजारच्या पोरीने आम्हाला गप्प केलं. म्हणाली, मावशी, मन सांगेना तेव्हा वर जातो तोच खरा पायलट.

तिने कोळिकोडचं सांगितलं. 7 ऑगस्ट 2020, तिथेही पाऊस. विमान एकदा वर जाऊन परत आलं, या वेळी वारा पाठीमागून. ते धावपट्टीच्या मध्याजवळ टेकलं आणि पुढे दरीत गेलं. दोन्ही पायलट धरून 21 माणसं गेली. शेजारच्या पायलटने परत वर चला म्हटलं होतं, असं चौकशीत निघालं.

ताईंचा मुलगा सकाळी आला, डोळे सुजलेले. पहिल्यांदा म्हणाला, "आई, भूक लागलीय." पायलटचं नाव त्याला माहीत नव्हतं. ताईंनी भाकरी थापता थापता दोनदा विचारलं.