सिद्दी धावपटू आणि महाविद्यालयाची पायरी



बेंगळूरू शहरात म्हैसूर रस्त्यालगत ज्ञानभारती नावाचा विस्तीर्ण परिसर आहे. तेथे बेंगळूर विद्यापीठ आहे आणि त्याला लागूनच भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे दक्षिण केंद्र आहे. एका बाजूस वर्ग व ग्रंथालय, दुसऱ्या बाजूस धावण्याचा ट्रॅक. या दोहोंमधील अंतर पायी सहज तोडता येते. परंतु ज्याच्या घराण्यात कोणीच महाविद्यालय पाहिलेले नाही, अशा परमुलखातून आलेल्या कुटुंबातील मुलाला ते अंतर किती दीर्घ वाटते, हे समजून घ्यावयाचे तर सिद्दी खेळाडूंची हकीकत पाहावी लागेल.

सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतील. महाराष्ट्रातील वाचकाला जंजिऱ्याचे सिद्दी आणि अहमदनगरचा मलिक अंबर ठाऊक असतो. पण कर्नाटकातील सिद्दींच्या वाट्याला राज्य आले नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. तेथून निसटून ते उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या भागांतील रानांत स्थिरावले. कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. घरची बोली कोकणीच्या वळणाची, तीत मराठी व कन्नड शब्दांची सरमिसळ. उपजीविका मध, लाकूडफाटा आणि दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी. शतके लोटली तरी रूपावरून त्यांना परदेशीच समजले जाई.

१९८७ च्या सुमारास क्रीडा प्राधिकरणाने ‘स्पेशल एरिया गेम्स’ ही योजना आखली. डोंगराळ व आदिवासी भागांतील उपजत गुण हेरून मुलांना वसतिगृहात आणावयाचे, हा तिचा हेतू होता. तिरंदाज लिंबाराम याच योजनेतून पुढे आला. सिद्दी मुलांचीही निवड झाली आणि त्यांतील मुले रानातून बेंगळूरूसारख्या शहरात आली. कमला सिद्दी, ज्यूजे हरनोडकर ही नावे धावण्याच्या क्षेत्रात गाजू लागली.

हेतू चांगलाच होता. मात्र त्यामागील कल्पना तपासून पाहण्याजोगी आहे. आफ्रिकी रक्त म्हणजे वेगवान पाय, असा तो हिशेब होता. वास्तविक केनियाचे थोर धावपटू केवळ रक्तातून उपजले नाहीत. त्यांच्या मागे शाळा होत्या, महाविद्यालये होती. हेन्री रोनो याने १९७८ मध्ये अवघ्या ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले, तेव्हा तो अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा विद्यार्थी होता! आपल्याकडे रक्ताची गोष्ट उचलली गेली. विद्यापीठाची मागेच राहिली.

वसतिगृहातील मुलाचा दिवस कसा जातो, याची कल्पना करून पाहा. पहाटे सराव, मग शाळा, सायंकाळी पुन्हा सराव. घरी एक बोली, शाळेत कन्नड, शिबिरात हिंदी आणि पुढे महाविद्यालयात इंग्रजी. स्पर्धांचा हंगाम परीक्षांशी टक्कर घेतो. प्रवेशअर्ज कसा भरावा, कोणता विषय घ्यावा, हजेरी कमी पडल्यास कोणास भेटावे, हे सांगणारा वडीलधारा घरात नसतो. आईवडील मुलाचे पदक अभिमानाने पाहतात, पण त्यांच्या दृष्टीने खरे फळ म्हणजे रेल्वेतील किंवा पोलिसांतील नोकरी. त्यांना दोष देता येणार नाही. मजुरीवर जगणाऱ्या घराला तीन वर्षांनी मिळणाऱ्या पदवीपेक्षा पुढल्या महिन्याचा पगार जवळचा वाटणारच.

१९९३ च्या सुमारास सिद्दींसाठीचा हा उपक्रम बंद पडला. साधा हिशेब करावा. १९८७ मध्ये जे मूल बारा वर्षांचे होते, ते आता अठराचे झाले होते, म्हणजे नेमके महाविद्यालयाच्या दाराशी. काहींना क्रीडाकोट्यातून नोकरी लाभली. काही पुन्हा गावी, त्याच मजुरीवर परतले.

महाविद्यालयाने खेळाडूला आपले मानले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण कोल्हापुरात आहे. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीस निघाले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. अर्थात घर गहाण टाकणारे प्राचार्य कोणत्याही योजनेत लिहून ठेवता येत नाहीत.

उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि उच्च शिक्षणातील राखीव जागा त्यांना खुल्या झाल्या. समाजातील पहिले पदवीधर म्हणून ओळखले जाणारे शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. त्यांची वाट मैदानातून गेली नव्हती. २०२२ मध्ये विद्यापीठांच्या ‘खेलो इंडिया’ स्पर्धा बेंगळूरूत भरल्या आणि मल्लखांबालाही तेथे स्थान मिळाले. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला सुमारे ६ लाख २८ हजार रुपये खर्चण्याची तरतूद करण्यात आली. त्या यादीत टिकणे मात्र कामगिरीवर अवलंबून ठेवले गेले. दुसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या मुलीचा घोटा दुखावला व तिचे नाव यादीतून गेले, तर तिसऱ्या वर्षाचे शुल्क कोणी भरावयाचे आणि तिने राहावयाचे कोठे, याचे उत्तर विद्यापीठाने तिला प्रवेश देतानाच लेखी द्यावयास हवे.